मक्यावरील अळी आणि फवारणीची कसोटी

नागपूरहून यवतमाळमार्गे तुळजापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर महागाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव लागते. पूस आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यातील हा मुलूख मुख्यत्वे कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. कपाशीचे पीक म्हटले की फवारणी आलीच. त्यामुळे पाठीवरचा पंप येथे नांगर-वखराइतकाच परिचित झाला आहे. मका हे या भागाचे मुख्य पीक नव्हे. तथापि विहिरीला पाणी आहे, जवळ बाजारपेठ आहे आणि अडीच-तीन महिन्यांत पैसा हाती यावा अशी अपेक्षा आहे, अशा शेतकऱ्यास मधुमका, म्हणजेच स्वीट कॉर्न, हे पीक खुणावू लागते. असा शेतकरी मक्याकडे वळतो तेव्हा बियाणे नवे असते, परंतु फवारणीची सवय मात्र कपाशीतील असते. अळी दिसली की दुकानात जावयाचे, दुकानदार देईल ते 'औषध' आणावयाचे आणि दोन-तीन औषधे एकत्र करून मारावयाचे, ही ती सवय होय.

या सवयीची किंमत यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली फार मोठी मोजली आहे. त्यामुळे मक्यावर कोणती फवारणी करावी, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की, एखादी फवारणी उपयुक्त आहे हे मुळात ठरते कसे? शास्त्रीय चाचणीत कीटकनाशक कसे पारखले जाते, त्या चाचणीचा निष्कर्ष कोणत्या मर्यादेत खरा असतो आणि ती मर्यादा ओलांडली म्हणजे काय घडते, हे शेतकऱ्याने समजून घेतले तर त्याचा पैसा वाचेलच, पण पंप पाठीवर घेणाऱ्याचा जीवही वाचेल.

सातासमुद्रापलीकडून आलेली कीड

मक्यावर पूर्वीपासून दोन किडी प्रामुख्याने आढळत असत. एक खोडकिडा आणि दुसरी कणसातील अळी. हीच दुसरी अळी हरभऱ्यावर घाटेअळी आणि कपाशीवर बोंडअळी म्हणून ओळखली जाते. २०१८ साली यांत तिसऱ्या आणि अधिक विध्वंसक किडीची भर पडली. ती म्हणजे अमेरिकन लष्करी अळी. शास्त्रज्ञ तिला स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या नावाने ओळखतात.

ही कीड मूळची अमेरिका खंडातील. २०१६ साली ती आफ्रिकेत प्रथम आढळली आणि पाहता पाहता त्या खंडातील बहुतेक मका पिकविणाऱ्या देशांत पसरली. भारतात तिची पहिली नोंद २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्गा येथे झाली. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यासह महाराष्ट्रातही ती दिसून आली आणि पुढील हंगामात राज्याच्या बहुतेक मका पट्ट्यात तिने ठाण मांडले. इतका वेगवान प्रसार होण्याचे कारण तिच्या पतंगात आहे. अनुकूल वारा मिळाल्यास हा पतंग एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत प्रवास करू शकतो. शिवाय ३५० हून अधिक वनस्पतींवर ही अळी उपजीविका करू शकते. त्यांत मका तिला सर्वांत प्रिय असला तरी ज्वारी आणि ऊस हीही पिके तिच्या आहारात येतात.

अळीची ओळख पटविणे कठीण नाही. वाढलेल्या अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराच्या उलट्या आकृतीसारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडील भागावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत मांडावेत तसे चार काळे ठिपके असतात. मादी पतंग पानांवर पुंजक्याने अंडी घालते व त्यांवर आपल्या अंगावरील केसांचे आवरण पसरते. एका पुंजक्यात साधारणपणे १०० ते २०० अंडी असतात. दोन-तीन दिवसांत अंड्यांतून निघालेल्या बारीक अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात. त्यामुळे पानावर पांढरट, पारदर्शक चट्टे दिसू लागतात. थोडी मोठी झाली की अळी मक्याच्या पोंग्यात शिरते. पोंग्यातून उलगडणाऱ्या पानांवर ओळीने छिद्रे आणि पोंग्यात ओल्या लाकडी भुशासारखी विष्ठा दिसली, की अळी आत आहे असे निश्चित समजावे.

अळीची अवस्था दोन ते तीन आठवडे चालते आणि या काळात ती सहा वेळा वाढीच्या पायऱ्या चढते. ती आयुष्यभरात जेवढे खाते त्याचा फार मोठा हिस्सा शेवटच्या पायरीवर खाते. म्हणजेच पहिल्या आठवड्यात नुकसान थोडे दिसते, शेतकरी निर्धास्त राहतो, आणि नंतर चार-पाच दिवसांत पोंगे फस्त होतात. नेमक्या याच वेळी घाबरून फवारणी सुरू होते. परंतु तोवर अळी पोंग्याच्या तळाशी, स्वतःच्या विष्ठेच्या बुचाखाली सुरक्षित बसलेली असते. फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि पोहोचला तरी मोठ्या अळीला मारण्यास लहान अळीपेक्षा जास्त विष लागते. अनेक फवारण्या वाया जातात त्या औषध खोटे होते म्हणून नव्हे, तर वेळ चुकली म्हणून.

चाचणी म्हणजे तुलना

एखाद्या शेतकऱ्याने औषध मारले आणि आठ दिवसांनी अळ्या कमी झाल्या, तर त्याला ते औषध गुणकारी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या आठ दिवसांत जोराचा पाऊस झाला असेल, पक्ष्यांनी अळ्या टिपल्या असतील, परोपजीवी कीटकांनी किंवा बुरशीने त्या मारल्या असतील, किंवा अळ्या पूर्ण वाढून कोष करण्यासाठी जमिनीत गेल्या असतील. या अळ्या एकमेकींनाही खातात, त्यामुळे एका पोंग्यात बहुधा एकच मोठी अळी उरते. मग घट झाली ती औषधाने किती आणि निसर्गाने किती? ज्या शेतात सर्वत्र फवारणी झाली आहे, त्या शेताकडे पाहून याचे उत्तर कधीही मिळू शकत नाही. त्यासाठी शेजारीच न फवारलेले पीक उभे असावे लागते.

शास्त्रीय चाचणीचा पाया हाच आहे. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर अशी चाचणी घेताना शेताचे समान आकाराचे वाफे पाडले जातात. समजा, पाच कीटकनाशके पारखावयाची आहेत. तर पाच वाफ्यांत ती पाच कीटकनाशके आणि सहाव्या वाफ्यात केवळ पाणी, किंवा काहीच नाही. या सहाव्या वाफ्याला नियंत्रण वाफा म्हणतात. हा संच एकदाच न लावता तीन किंवा चार वेळा लावतात. सहा उपचार चार वेळा, म्हणजे २४ वाफे झाले. असे करण्याचे कारण उघड आहे. शेताचा एक कोपरा पाणथळ असतो, दुसरा मुरमाड. एका बांधाकडे झाडी असते, दुसरीकडे उघडे रान. एकाच वाफ्यावर विसंबले तर जमिनीचा गुण औषधाच्या नावावर जमा होण्याची भीती असते.

कोणत्या वाफ्यात कोणते औषध मारावयाचे हे संशोधक आपल्या मर्जीने ठरवीत नाही. ते चिठ्ठ्या टाकून ठरविले जाते. शेती प्रयोगांतील ही पद्धत इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात घडविली. भारतातील शेती संशोधनात ती रुजविण्याच्या कामी दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. विनायक गोविंद पानसे हे ते दोघे. शेती संशोधकांसाठी या दोघांनी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

वाफे ठरले की मोजणी सुरू होते. फवारणीपूर्वी एक दिवस प्रत्येक वाफ्यातील ठराविक झाडांवरील अळ्या मोजल्या जातात. फवारणीनंतर तिसऱ्या, सातव्या आणि साधारण चौदाव्या दिवशी पुन्हा मोजणी होते. शेजारच्या वाफ्यातील फवारा वाऱ्याने उडून येतो, म्हणून कडेच्या ओळी सोडून मधल्या ओळींतील झाडेच मोजावयाची, असा दंडक असतो. पोंग्याचे नुकसान डोळ्यांच्या अंदाजाने सांगून चालत नाही. त्यासाठी ० ते ९ अशी गुणपट्टी वापरतात. ० म्हणजे निरोगी पोंगा आणि ९ म्हणजे जवळजवळ नष्ट झालेला पोंगा. शेवटी कणसांची संख्या, वजन आणि विक्रीयोग्य कणसांचे प्रमाण नोंदविले जाते.

हिशेब कसा मांडतात?

या मोजणीतून औषधाचा गुण काढण्याची एक साधी रीत १९२५ साली ॲबट या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने दिली. ती आजही वापरात आहे. ती समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. फवारणीपूर्वी दोन्ही वाफ्यांत ५० अळ्या होत्या. सात दिवसांनी फवारलेल्या वाफ्यात १० उरल्या. वरवर पाहता ८० टक्के अळ्या मेल्या. परंतु न फवारलेल्या वाफ्यातही त्याच काळात पावसाने आणि मित्रकीटकांनी अळ्या २५ वर आल्या. म्हणजे फवारणी केली नसती तरी २५ च उरल्या असत्या. औषधाचे श्रेय २५ वरून १० वर आणण्याचे, म्हणजे २५ पैकी १५ अळ्यांचे. खरा गुण ८० नव्हे, तर ६० टक्के ठरतो. उरलेले काम निसर्गाने फुकट केलेले असते.

हा हिशेब शेतकऱ्याच्या दृष्टीने अतिशय अर्थपूर्ण आहे. जे औषध अळीबरोबर मित्रकीटकांनाही मारते, ते पहिल्या आठवड्यात चांगले दिसते. पुढे मात्र निसर्गाचा फुकटचा वाटा बंद पडतो आणि नव्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना मोकळे रान मिळते. म्हणून चांगल्या चाचणीत केवळ मेलेल्या अळ्या न मोजता ढालकिडे, कोळी आणि परोपजीवी माश्या किती वाचल्या, हेही मोजले जाते. तसेच जादा मिळालेल्या कणसांची किंमत आणि फवारणीचा खर्च यांचा ताळेबंद मांडला जातो. सर्वांत जास्त अळ्या मारणारे औषध सर्वांत जास्त नफा देतेच असे नाही.

एकाच हंगामातील एका चाचणीवर शिफारस होत नाही. एकाहून अधिक हंगामांत आणि वेगवेगळ्या ठिकाणी निष्कर्ष टिकला पाहिजे. त्यानंतरही ते कीटकनाशक त्या पिकासाठी व त्या किडीसाठी विकावयाचे असेल, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये केंद्रीय नोंदणी समितीकडे त्याची नोंदणी व्हावी लागते. वेष्टनावरील पत्रकात पिकाचे नाव, किडीचे नाव, मात्रा आणि शेवटची फवारणी व काढणी यांतील किमान अंतर छापलेले असते. ते पत्रक म्हणजे एका अर्थी चाचणीचा निकालच होय. पत्रकात नसलेल्या पिकावर, नसलेल्या मात्रेत किंवा दुसऱ्या औषधात मिसळून केलेली फवारणी ही न तपासलेली फवारणी असते. तिचा परिणाम काय होईल, याची हमी कोणीही दिलेली नसते.

औषध कसे मारते?

लष्करी अळी भारतात नवीन असल्याने तिच्यासाठी काही कीटकनाशकांची तातडीने शिफारस करण्यात आली. त्यांत इमामेक्टीन बेन्झोएट ५ टक्के (लिटरला ०.४ ग्रॅम), क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के (लिटरला ०.४ मिलिलिटर) आणि स्पिनेटोरम ११.७ टक्के (लिटरला ०.५ मिलिलिटर) यांचा समावेश होता. शिफारशी काळानुसार बदलतात, म्हणून खरेदीपूर्वी कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषी अधिकारी यांच्याकडून चालू शिफारस विचारून घेणे इष्ट.

ही तिन्ही औषधे वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात. इमामेक्टीन आणि स्पिनेटोरम ही दोन्ही मुळात जमिनीतील सूक्ष्म जीवांपासून मिळालेल्या द्रव्यांची सुधारित रूपे असून ती अळीच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल स्नायूंतील चुन्याचे म्हणजे कॅल्शियमचे संतुलन बिघडविते आणि अळीचे स्नायू निकामी होतात. येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. इमामेक्टीनसारखे औषध पोटात गेल्यावर अळी थोड्याच वेळात खाणे थांबविते, परंतु मरण्यास तिला दोन ते चार दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी शेतात गेलेल्या शेतकऱ्यास अळी जिवंत दिसते. औषध लागू पडले नाही असे समजून तो दुकानातून आणखी जहाल औषध आणतो आणि पुन्हा फवारतो. वास्तविक पहिल्या फवारणीने काम केलेले असते. दुसऱ्या फवारणीचा खर्च निव्वळ वाया जातो आणि धोका मात्र दुप्पट होतो. चाचणीत पहिली मोजणी तिसऱ्या दिवशी घेतात, ती उगीच नव्हे.

एकच औषध पुनःपुन्हा मारण्याचा आणखी एक तोटा आहे. हजारो अळ्यांत काही मोजक्या अळ्या त्या औषधाला दाद न देणाऱ्या असतात. बाकीच्या मरतात, या उरतात आणि पुढील पिढी त्यांचीच होते. अमेरिका खंडात लष्करी अळीने अनेक जुन्या कीटकनाशकांना अशीच प्रतिकारशक्ती मिळविली आहे. विदर्भातील शेतकऱ्याला हे दूरचे उदाहरण वाटू नये. बोंडअळीला अटकाव करणारे बीटी कापसाचे वाण २००२ पासून देशात आले, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले, आणि अवघ्या दहा-बारा वर्षांत गुलाबी बोंडअळीने त्यावरही मात केली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीचे झालेले नुकसान हा त्याचाच परिणाम होता.

२०१७ चा धडा

त्याच २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना मोठ्या प्रमाणावर विषबाधा झाली. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात शेकडो जणांना उपचारांसाठी दाखल करावे लागले. त्यांपैकी बरेच यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते. एकट्या या जिल्ह्यात २० हून अधिक माणसे दगावली. काहींच्या दृष्टीवर परिणाम झाला. दगावलेल्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारे भूमिहीन मजूरही होते. राज्य शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या विक्रीस व वापरास यवतमाळ आणि लगतच्या काही जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घातली. पुढे २०२३ साली मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावण देशभर बंद करण्याचा आदेश केंद्र शासनाने काढला.

हे का घडले, याची पुढे आलेली कारणे डोळसपणे वाचली पाहिजेत. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा पायाशी न पडता चेहऱ्यावर आणि छातीवर येत होता. हवा दमट आणि उष्ण होती. घामाने भिजलेल्या कातडीतून विष सहज शिरते. दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळून मारली जात होती. जोरकस यंत्रपंपांमुळे फवाऱ्याचे थेंब अतिशय बारीक होऊन श्वासावाटे आत जात होते. हातमोजे, मुखवटा, चष्मा ही साधने बहुतेकांकडे नव्हती. फवारणी दिवसभर आणि सलग अनेक दिवस चालली होती.

यांतील प्रत्येक बाब चाचणीच्या चौकटीबाहेरची आहे. चाचणी झाली ती एका औषधाची, मिश्रणाची नव्हे. ठरविलेल्या मात्रेची, अंदाजाने टाकलेल्या झाकणभर विषाची नव्हे. संरक्षक साधने वापरणाऱ्या माणसाकडून, उघड्या अंगाने पिकात शिरलेल्या मजुराकडून नव्हे. कागदावर जे कीटकनाशक 'शिफारस केलेले' असते, तेच चौकट मोडताच निव्वळ विष ठरते. बोलीत आपण त्याला 'औषध' म्हणतो. हा शब्द अळीच्या बाबतीत चुकीचा आणि माणसाच्या बाबतीत घातक आहे.

मका उंच वाढणारे पीक आहे, हे या संदर्भात विसरून चालणार नाही. तुरा येण्याच्या सुमारास ते माणसाच्या डोक्यावर जाते. त्या वेळी त्यात शिरून फवारणी करणे म्हणजे २०१७ ची परिस्थिती स्वतःहून पुन्हा निर्माण करणे होय. मका संशोधकांचा सल्लाही असाच आहे की तुरा व कणसाचे केस बाहेर पडल्यावर रासायनिक फवारणी टाळावी. त्या अवस्थेत ती फारशी उपयोगी पडत नाही. अळी वेचून नष्ट करणे आणि मित्रकीटकांना वाव देणे, हेच तेव्हा श्रेयस्कर.

मधुमक्याची वेगळी बाब

दाण्याचा मका पूर्ण वाळल्यावर काढला जातो, सोलला जातो, दळला जातो. मधुमक्याचे कणीस मात्र केस बाहेर पडल्यापासून साधारण तीन आठवड्यांत, दाणा दुधाळ असताना तोडतात. तोडणीनंतर त्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होऊ लागते, म्हणून ते ताबडतोब बाजारात न्यावे लागते. भुट्टा म्हणून तो त्याच दिवशी एखाद्या मुलाच्या हातात पडतो. औषधाचा अंश विरून जाण्यास येथे अवधीच मिळत नाही. शिवाय कणसे तोडल्यावर उरलेला हिरवा कडबा जनावरांच्या गव्हाणीत जातो आणि त्यातील अंश दुधात उतरण्याची शक्यता असते. यास्तव शेवटची फवारणी व तोडणी यांतील किमान अंतर मधुमक्यात कसोशीने पाळलेच पाहिजे.

दुसरीकडे, मधुमक्याच्या कणसात एक अळी दिसली तरी गिऱ्हाईक ते कणीस बाजूला सारते. नुकसानीची ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय उशिराची फवारणी हा नसून सुरुवातीची पाहणी हा आहे. पोंग्याच्या अवस्थेत अळी आटोक्यात आली तर कणसापर्यंत पोहोचणाऱ्या अळ्या आपोआप कमी होतात.

शेतकऱ्याने स्वतः काय मोजावे?

पेरणीपूर्वी खोल नांगरट केल्यास जमिनीतील कोष उघडे पडून पक्ष्यांच्या तोंडी जातात. उगवणीबरोबर एकरी पाच कामगंध सापळे लावले म्हणजे पतंगांचे आगमन कळते. त्यानंतर आठवड्यातून किमान एकदा शेतात इंग्रजी डब्ल्यू अक्षराप्रमाणे वळणे घेत चालावे. पाच ठिकाणी थांबून प्रत्येक ठिकाणी २० झाडे तपासावीत. अशी १०० झाडे झाली की जेवढी झाडे प्रादुर्भावग्रस्त, तेवढे टक्के. हिशेबाला कागदही लागत नाही. अंड्यांचे पुंजके दिसल्यास तेथल्या तेथे चुरडून टाकावेत.

पीक लहान असताना प्रादुर्भाव ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा ठरतो. निंबोळ्या गावात मिळतात आणि अर्क घरी करता येतो. पोंग्याच्या मधल्या व शेवटच्या अवस्थेत प्रादुर्भाव १० टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यासच शिफारस केलेल्या एका कीटकनाशकाची फवारणी करावी. फवारा पोंग्यात पडेल अशा रीतीने, सकाळी किंवा सायंकाळी, करावा. दुसऱ्यांदा गरज पडल्यास वेगळ्या गटातील औषध निवडावे. आणि शक्य असेल तेथे चार-सहा ओळींचा एक पट्टा न फवारता ठेवावा. तिसऱ्या व सातव्या दिवशी दोन्हीकडील अळ्या मोजल्या, की विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर जे तत्त्व वापरतात तेच शेतकऱ्याच्या बांधावर वापरल्यासारखे होईल. एका पट्ट्यावरून अंतिम शिफारस काढता येणार नाही, पण पैसा कामी आला की वाया गेला, याचा अंदाज निश्चित येईल.

फवारणी करणाऱ्याने अंगभर कपडे, हातमोजे, मुखवटा व चष्मा वापरावा. उपाशीपोटी फवारणी करू नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाऊ नये. काम चालू असताना खर्रा, बिडी किंवा खाणे वर्ज्य करावे. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. मजूर लावला असेल तर त्याला ही साधने देणे ही शेतमालकाची जबाबदारी आहे. डब्यावरील चौकटीतील रंग पाहण्याची सवय लावून घ्यावी. लाल रंग सर्वाधिक विषारीपणा दर्शवितो, त्यानंतर अनुक्रमे पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा मात्र अर्थ नाही. मळमळ, घाम, अंधुक दिसणे, स्नायू थरथरणे यांपैकी काहीही जाणवताच काम थांबवावे. अंगावरील कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि औषधाचा डबा किंवा पत्रक बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. काही विषांवर ॲट्रोपिनसारखा उतारा आहे, काहींवर निश्चित उतारा नाही. कोणते विष अंगात गेले हे कळले तरच डॉक्टरांना उपचाराची दिशा मिळते.

अळी मारणारे द्रव्य प्रयोगशाळेत तयार होते आणि त्याची पारख प्रक्षेत्रावर होते. परंतु ती पारख सार्थकी लागते ती शेतात, मोजून घेतलेल्या निर्णयामुळे. महागावसारख्या तालुक्यात, जेथे फवारणीचा पंप घरोघरी आहे, तेथे १०० झाडे मोजण्याची सवयही घरोघरी पोहोचली, तर अनावश्यक फवारण्या टळतील, भुट्टा निर्धोक राहील आणि सकाळी पंप घेऊन शेतात गेलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी परतेल.